रूम अँड पिलर: पिलर किती जाड ठेवायचा ते कसं ठरवायचं

खाणीत लाकडाचा टेकू नाही, भराव नाही, खडकाच्या जिवावरच पोकळी उभी ठेवायची, अशा पद्धतींत सगळ्यात सोपी म्हणजे रूम अँड पिलर: खोल्या (रूम) खणत जायच्या आणि मध्ये खडकाचे खांब (पिलर) सोडायचे. पण ओरचा (खनिजयुक्त दगडाचा) थर आडवा हवा, उतार साधारण 30 अंशाच्या आत, आणि ओर आणि रूफ (वरचं छत) दोन्ही कणखर हवेत. ओरची शीर उभी असेल तर सबलेव्हल स्टोपिंग (मधल्या मजल्यांवरून ओर फोडून काढणं) किंवा श्रिंकेज (फोडलेल्या ओरवरच उभं राहून वर फोडत जाणं) बघा. बाजूचा खडकच कच्चा असेल तर हट्ट नको, भराव लागणारच, आपल्या नागपूर-भंडाऱ्याच्या मँगनीज खाणींत वाळू भरतात तसा.

आता पिलरचं गणित. खडकाचं वजन दर मीटर खोलीला साधारण 0.027 मेगापास्कल (दाबाचं एकक) धरा, म्हणजे 200 मीटरवर 5.4. रूम 6 मीटर रुंद आणि पिलर 6 बाय 6 ठेवला तर प्रत्येक पिलरच्या डोक्यावर चौपट क्षेत्राचा भार येतो, म्हणजे 21.6 मेगापास्कल, आणि 75 टक्के ओर हाती येतं. मग कुणीतरी म्हणतं चारही बाजूंनी अर्धा-अर्धा मीटर अजून काढू, काय होतंय! पिलर उरतो 5 बाय 5 आणि भार जातो 31 वर, म्हणजे जवळजवळ 44 टक्के जास्त, मिळालं किती तर फक्त साडेसात टक्के ओर. हा सौदा कधीच करू नका.

दक्षिण आफ्रिकेत कोलब्रुकला 21 जानेवारी 1960 ला पिलर एकामागोमाग एक बसत गेले आणि चारशेहून जास्त माणसं गेली. खाण कोळशाची होती, पण भार वाटून घेण्याचं गणित तेच. त्यानंतर सॅलमन आणि मन्रो यांनी टिकलेले आणि कोसळलेले पिलर तपासून 1967 मध्ये कोळशासाठी सूत्र दिलं, तिथे ताकद भाराच्या 1.6 पट ठेवायचा पायंडा पडला. ओरसाठी ताकद मात्र आपल्याच खडकाच्या टेस्टवरून काढा, आणि पिलर रुंदीपेक्षा उंच होऊ देऊ नका.

ब्लास्टनंतर धूर गेला की ड्रेसिंग, म्हणजे सुटलेले दगड पाडणं, मगच बाकी काम. बारने (लोखंडी पहारीने) रूफ ठोकत जा, खणखणीत आवाज आला तर पुढे, भदभद वाजलं तर तो दगड सुटलाय, पक्क्या रूफखाली उभं राहूनच पाडायचा. पिलरवर पण नजर हवी, कडा सोलायला लागल्या, मध्ये बारीक होऊन डमरूसारखा दिसायला लागला की त्या भागातली माणसं बाहेर काढा, मोजमाप नंतर.