‘मी व्हिज्युअल लर्नर आहे’ म्हणत एमबीबीएस करताय? या चुका टाळा

कोल्हापुरातल्या सीपीआर रुग्णालयात पोस्टिंग असो की कसबा बावड्याच्या कॉलेजात, शिकण्याची शैली सांगणारी ‘वार्क’ प्रश्नावली भरलेली मुलं ‘मी व्हिज्युअल, म्हणजे बघून शिकणारा’ असा एक शिक्का स्वतःवर मारून घेतात. न्यूझीलंडच्या नील फ्लेमिंग यांची ही प्रश्नावली १९८७ पासूनची. बघून, ऐकून, वाचून-लिहून की हाताने करून, तुम्हाला कसं शिकायला आवडतं एवढंच ती सांगते. आवडीच्या पद्धतीने शिकलं की जास्त पक्कं होतं, याला ठोस पुरावा नाही. मानसशास्त्रज्ञ हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तोवरचे अभ्यास तपासून हेच मांडलं.

आवडीवरून पद्धत ठरवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. मायट्रल स्टेनोसिसचा (हृदयाची मायट्रल झडप अरुंद झाल्याचा) मर्मर, म्हणजे हृदयातला जादा आवाज, व्हिडिओत कितीही पाहा, तो कानालाच शिकवावा लागतो. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवा, स्टेथोची बेल (वाटीसारखी बाजू) एपेक्सवर, म्हणजे हृदयाच्या टोकाशी, अगदी हलकी टेकवा, श्वास सोडायला सांगा. बेल दाबली तर खालची कातडी ताणली जाते आणि नेमका तो खालच्या सुराचा आवाज हरवतो. ब्रेकियल प्लेक्सस (हाताकडे जाणाऱ्या नसांचं जाळं) मात्र कोऱ्या कागदावर स्वतः काढल्याशिवाय बसत नाही, मग तुम्ही ‘ऑडिटरी’ (ऐकून शिकणारे) असा नाहीतर आणखी कुणी. कसं शिकायचं हे विषयाला ठरवू द्या.

हिस्ट्रीचंही, म्हणजे रुग्णाला त्रासाबद्दल विचारून घेण्याचंही, तसंच. राधानगरीहून आलेल्या आजी ‘छातीत कसंतरीच हुतंय’ म्हणतात, तेव्हा ते दुखणं आहे, धाप आहे की धडधड, हे पुस्तक सांगणार नाही. ‘आजी, चालताना होतं की बसल्या जागी? बोट ठेवून दाखवा बरं,’ असं विचारत बसावं लागतं. वॉर्डातला हा वेळ मला सर्वांत मोलाचा वाटतो.

वाचलेलं व्हायवात (तोंडी परीक्षेत) आठवत नाही?

बहुतेकदा शैली नाही, पुन्हा पुन्हा वाचणं नडतं. मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा, न बघता आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून पान मिटा, आठवेल ते लिहा, मग चुका तपासा. तेच दोन दिवसांनी, पुन्हा आठवड्याने करा. हायलायटर बाजूला ठेवला तरी चालेल.

शिक्षकांनीही शैलीनुसार बॅचची वाटणी करू नये. तो वेळ प्रत्येक विद्यार्थ्याला रुग्ण तपासताना स्वतः बघण्यात आणि तिथल्या तिथे चूक दाखवण्यात घालवावा.