वाकळेला गोट किती रुंद घ्यायचा आणि कसा लावायचा

घट बसायच्या आधी सातारा-सांगलीकडं घरोघरच्या वाकळा, म्हणजे गोधड्या, धुवायला निघतात. ओली वाकळ एकटीला उचलत नाही. दोघी दोन टोकं धरून ती पिळतात आणि तो सगळा पीळ कडेवर येतो. एरवीही रात्री अंगावर ओढताना हातात कडच येते. म्हणून वाकळ मधून विरायच्या कितीतरी आधी कडेला फाटते, आणि तिथं भोक पडलं की आतले थर गोळा व्हायला लागतात.

कड बंद करायच्या तीन रीती आहेत. पहिलीत वरचा आणि खालचा कपडा अर्धा-अर्धा इंच आत मुडपून दोन्ही घड्या समोरासमोर धावदोऱ्यानं शिवतात. दुसरीत खालचा कपडा दोन इंच जास्त ठेवून वर आणतात आणि दुमडून शिवतात. तिसरी रीत म्हणजे वेगळी पट्टी काढून गोट लावणं. पहिल्या दोन्हींत कापड वाचतं, पण घासली जाणारी घडी वाकळेच्याच कपड्याची असते. ती फाटली की वाकळच फाटली. वेगळा गोट उसवून बदलता येतो. रोजच्या वापराच्या वाकळेला गोटच लावावा, पाहुण्यांसाठी ठेवलेलीला आत मुडपलेली कड पुरते.

रुंदी ठरवताना

गोट दिसायला किती रुंद हवा, हे वाकळेच्या जाडीवर ठरतं. बाळाच्या तीन-चार पदरी दुपट्याला पाव इंच ते तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुरे. त्याहून रुंद गोट ताठ होतो आणि बाळाच्या गालाला टोचतो. नेहमीच्या वाकळेला अर्धा ते पाऊण इंच. जुन्या धोतरांचे, चादरींचे भरपूर थर घातलेल्या जड वाकळेला एक इंच. जाड कडेवर अरुंद गोट बसवला तर टीप अगदी काठालगत येते, तिथं आतले सगळे थर सुईत सापडत नाहीत आणि पहिल्याच धुण्यात सुटतात.

आता पट्टी किती कापायची? इथं बहुतेकांची चूक होते, कारण जाडी हिशेबात धरलेली नसते. एकपदरी गोटाला दिसणाऱ्या रुंदीची चौपट अधिक जाडी एकदा. दुपदरी गोटाला, म्हणजे पट्टी आधी उभी दुमडून मग लावायची असेल तर, रुंदीची सहापट अधिक जाडी दोनदा. अर्धा इंच गोट आणि पाव इंच जाडीची वाकळ धरली तर एकपदरीला सव्वादोन इंच आणि दुपदरीला साडेतीन इंच पट्टी लागते. जाडी मोजताना कड फुगलेली नको. वर पुस्तक ठेवून मोजा. खात्री करायची तर कापडाची चिंधी पुढच्या टिपेच्या रेघेपासून कडेवरून मागच्या रेघेपर्यंत गुंडाळून बघा. मागची घडी निदान टिपेच्या रेघेपर्यंत पोचायला हवी. अलीकडं राहिली तर टीप उघडी दिसते आणि मग माणसं गोट ओढून शिवतात, त्यानं कड वाटीसारखी आत वळते.

घासणीच्या वाकळेला दुपदरीच घ्यावा. फक्त एक इंची गोट एकपदरी ठेवा. दुपदरीला तिथं सहा इंचांच्या वर पट्टी लागते आणि कोपऱ्यात मशीनची सुई मोडते. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडं पावसाळ्यात जाड गोटातलं पाणी सर्वांत शेवटी वाळतं आणि बुरशीचे काळे ठिपके पहिल्यांदा गोटावरच येतात. त्या भागात अर्ध्या इंचाच्या वर जाऊ नये.

कापड आणि लांबी

सुती पॉपलिन किंवा मांजरपाट सगळ्यात बरं. इचलकरंजीच्या यंत्रमागांवरचं पॉपलिन इथल्या बाजारात सहज मिळतं. ब्लाउजचं टू बाय टू पातळ पडतं. टेरिकॉट घेऊच नका: आतलं सूत आटतं, टेरिकॉट आटत नाही, आणि दोन धुण्यांत गोटाला चुण्या पडतात. नवं कापड रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. लाल, निळा, काळा रंग असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासून बघा. फडक्याला रंग लागला तर तो वाकळेलाही लागणार.

5 फूट बाय 7 फूट वाकळेचा घेर 288 इंच होतो. कोपरे आणि शेवटचा जोड धरून 300 इंच पट्टी हवी. 44 इंच पन्ह्याच्या कापडातून काठ काढून 42 इंचांची पट्टी मिळते, तिरक्या जोडात दर जोडाला पट्टीच्या रुंदीइतकी लांबी जाते. साडेतीन इंचांच्या आठ पट्ट्या लागतात, म्हणजे 28 इंच कापड. पाऊण मीटर हिशेबात बसतं, पण आटणं आणि दुकानातली वाकडी कापणी धरून एक मीटर घ्या. जोड आडवा नको, तिरकाच; आडव्या जोडाचे सगळे पदर एका जागी येऊन गाठ होते.

जुन्या लुगड्याचा काठ काढून लावायची आपल्याकडची रीत फार चांगली आहे. नऊ वार म्हणजे 324 इंच, तेव्हा एका लुगड्याचा एकच काठ या वाकळेला बिनजोड पुरतो आणि वर हातभर उरतो. काठ उजेडाकडं धरून विरलेला भाग आधी बघा. रेशमी दिसणाऱ्या काठाबाबत मात्र सांभाळा. इलकली लुगड्याचा काठ बहुधा रेशमी किंवा कृत्रिम रेशमाचा असतो, आणि कृत्रिम रेशीम ओलं झालं की कमकुवत होतं. नेमका पिळायच्या वेळी तो दगा देतो.

सरळ कडेला आडव्या धाग्याची पट्टी चालते. उरेब, म्हणजे धाग्यांना तिरकी कापलेली, पट्टी जास्त टिकते, कारण सरळ पट्टीच्या घडीवर एकच धागा लांबवर धावतो आणि तो झिजला की घडी रेघेत फाटत जाते. उरेबात धागे तिरके ओलांडतात. कापड जास्त जातं, तरी गोल कोपऱ्यांना तिच्याशिवाय पर्याय नाही. पहिल्यांदा करणारीनं गोल कोपरा घ्यावा. लहान ताटली ठेवून खडूनं आखायचा आणि वळणावर पट्टी न ओढता सैल सोडायची.

लावताना

आधी वाकळ चौकोनी आहे का ते बघा. 60 बाय 84 इंचांच्या वाकळेचा कर्ण सव्वाएकशेतीन (103.25) इंचांच्या आसपास यायला हवा, आणि दोन्ही कर्ण सारखे. मग लांबी कडेवर न मोजता मधोमध मोजा. कड शिवताना ताणलेली असते. त्या मापानं पट्टी लावली की कड झालरीसारखी लाटा मारते. मधलं माप पट्टीवर खुणा करून घ्या आणि कड त्या मापात बसवा. थर हलू नयेत म्हणून कडेपासून पाव इंचावर सगळीकडून कच्चा दोरा घाला, मग कडा सरळ छाटा. छाटताना आत जाऊ नका. गोट आतून गच्च भरलेला हवा. रिकामी घडी चपटी पडते आणि तिथंच आधी झिजते.

सुरुवात कोपऱ्यात करू नका, लांब बाजूच्या मध्यावर करा आणि आठ इंच शेपटी मोकळी सोडा. दुपदरी पट्टीच्या दोन्ही उघड्या कडा वाकळेच्या कडेला लावून कडेपासून अर्ध्या इंचावर टीप मारा. मशीनला 16 नंबरची सुई, जाडीला 18. इंचाला आठ-नऊ टाके. मशीनचे दात खालचे थर पुढं ढकलतात, वरची पट्टी मागं राहते, म्हणून दर चार इंचांवर टाचणी हवी.

चौकोनी कोपऱ्याला अर्धा इंच उरला की थांबा, दोन टाके उलटे मारा, वाकळ बाहेर काढा. पट्टी सरळ वर दुमडा म्हणजे तिरकी घडी पडेल, मग ती पुढच्या कडेवर खाली आणा. वरची घडी आत्ताच शिवलेल्या कडेच्या रेघेत येते. जाड वाकळेत ती कडेबाहेर एक सूत राहू द्या, नाहीतर कोपरा आखडतो. आता अगदी टोकापासून टीप सुरू करा. जाडी लागेल तिथं पायडल सोडून चाक हातानं फिरवा.

शेवटी दोन शेपट्या एकमेकांवर पट्टीच्या कापलेल्या रुंदीइतक्या, म्हणजे साडेतीन इंच, ठेवून उरलेलं कापा. दोन्ही टोकं उघडून काटकोनात धरा, तिरकी टीप मारा, बसतंय का बघा आणि मगच जास्तीचं छाटा. इथं घाई केली तर पट्टीला पीळ पडतो आणि सगळं उसवावं लागतं.

मागची बाजू हातानं शिवा. मशीननं होते, पण मागची घडी सरकून तिरक्या चुण्या पडतात आणि खालची टीप कुठं धरते, कुठं सुटते. हातभर दोरा मेणावरून ओढून दुपदरी घ्या. टाके पाव इंचाच्या आत, सुई फक्त खालच्या कपड्यात, पुढं येऊ द्यायची नाही. मागच्या कोपऱ्याची घडी पुढच्याच्या उलट बाजूला दुमडा म्हणजे जाडी दोन्हीकडं वाटली जाते, आणि कोपऱ्याची फट तीन-चार टाक्यांनी बंद करा.

वापरात डोईकडची बाजू आधी झिजते. जुना गोट धड असेल तर तो न उसवता त्या बाजूपुरती नवी पट्टी वरून चढवा. फक्त जाडी पुन्हा मोजा. जुना दुपदरी गोट आत राहिला की ती वाढलेली असते आणि आधीच्या मापाची पट्टी मागं पुरत नाही.