या चुका टाळा: एपीआयने दोन सिस्टिम जोडताना

एपीआय म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलायची ठरलेली पद्धत. तिने दोन सिस्टिम जोडल्या, टेस्ट ऑर्डर टाकली, पलीकडे इनव्हॉइस तयार झालं, की काम झालं असं वाटतं. पण स्पष्ट एरर देणारी जोडणी त्यातल्या त्यात बरी, कारण एरर दिसते आणि दुरुस्त करता येते. नुकसान करते ती अशी रिक्वेस्ट, जिचं पुढे काय झालं हे पाठवणाऱ्याला कळलेलंच नसतं.

टाइमआउटला अपयश समजू नका

ऑनलाइन स्टोअरमधून ऑर्डर ४५१२ अकाउंटिंग सॉफ्टवेअरकडे जाते. तुमचा टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट बघण्याची मर्यादा, ३० सेकंदांचा. पलीकडचा सर्व्हर ३१व्या सेकंदाला इनव्हॉइस तयार करतो, पण तोवर तुम्ही कनेक्शन सोडलेलं असतं. तुमचा कोड 'फेल' अशी नोंद करून तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवतो. एका ऑर्डरची दोन इनव्हॉइस! लॉगमध्ये मात्र 'एकदा अपयश, एकदा यश' असं अगदी सरळ चित्र दिसतं, म्हणून हा घोळ हिशेब जुळवायला बसेपर्यंत लक्षात येत नाही.

एचटीटीपीच्या (वेबवरच्या देवाणघेवाणीच्या) नियमानुसार गेट, पुट आणि डिलीट या प्रकारच्या रिक्वेस्ट पुन्हा पाठवल्या तरी अंतिम परिणाम तोच राहायला हवा. पोस्टला ही हमी नाही. त्यामुळे पोस्टसोबत आयडेम्पोटन्सी की, म्हणजे त्या रिक्वेस्टची ओळख पटवणारा वेगळा कोड, पाठवा. एकच की दुसऱ्यांदा आली तर सर्व्हर नवी नोंद न करता आधीचंच उत्तर देतो. इथे हमखास होणारी चूक म्हणजे ही की रिट्रायच्या (पुन्हा पाठवण्याच्या) लूपमध्ये तयार करणं. मग प्रत्येक प्रयत्नाला नवी की लागते आणि सगळा उपाय वाया जातो. की पहिल्या प्रयत्नाआधी तयार करा, डेटाबेसमध्ये साठवा आणि मगच रिक्वेस्ट पाठवा.

एपीआयमध्ये अशी सोय नसेल तर इनव्हॉइसच्या रेफरन्स फील्डमध्ये ऑर्डर क्रमांक टाका आणि रिट्रायआधी त्या क्रमांकाने शोध घ्या. तेवढ्यावरही विसंबू नका. दोन वर्कर (एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रिया) एकाच क्षणी शोधतील, दोघांनाही काही सापडणार नाही आणि दोघेही इनव्हॉइस बनवतील. आपल्या टेबलमध्ये ऑर्डर क्रमांकावर युनिक बंधन घाला. ज्याची नोंद आत गेली, त्यानेच पुढे जायचं.

प्रत्येक एररला रिट्राय नको

सर्व्हरच्या उत्तरात ४०० किंवा ४२२ हा स्टेटस कोड आला तर डेटाच चुकलेला आहे. शंभर वेळा पाठवला तरी उत्तर तेच येणार. ४०१ला टोकन (प्रवेशाची डिजिटल किल्ली) तपासा, ४०३ला परवानग्या. ४२९ म्हणजे तुम्ही मर्यादेपेक्षा जास्त रिक्वेस्ट पाठवताय. रिट्राय-आफ्टर हेडर आला असेल तर त्यात सांगितलेली वेळ पाळा. त्यात सेकंद असू शकतात किंवा तारीख-वेळही. कोडला दोन्ही वाचता यायला हवं. ५०२, ५०३, ५०४ला (पलीकडच्या सर्व्हरची अडचण) १, २, ४, ८ सेकंद असं अंतर वाढवत जा आणि त्यात थोडा यादृच्छिक वेळ मिसळा, नाहीतर सगळे वर्कर पुन्हा एकदमच धडकतात. पाच प्रयत्नांनंतर ती नोंद वेगळ्या क्यूमध्ये (रांगेत) ठेवा आणि माणसाला कळवा.

आणि २०० (यशाचा कोड) आला म्हणून निर्धास्त होऊ नका. ग्राफक्यूएल (डेटा मागवण्याची एक क्वेरी भाषा) आणि एकत्र अनेक नोंदी घेणारे अनेक बॅच एपीआय २०० देऊनही आत एररची यादी ठेवतात. बॉडी वाचल्याशिवाय 'झालं' म्हणू नका.

वेबहूकमध्ये काम करत बसू नका

वेबहूक म्हणजे काही घडलं की समोरची सिस्टिम स्वतःहून तुम्हाला पाठवते ती रिक्वेस्ट. ती आली की तिची डिजिटल सही तपासा, क्यूमध्ये टाका आणि लगेच २०० द्या. तिथेच इनव्हॉइस बनवत बसलात तर पाठवणाऱ्याचा टाइमआउट होतो आणि तोच इव्हेंट पुन्हा येतो. म्हणून इव्हेंट आयडी साठवून दुसऱ्यांदा आलेला गाळा. एचमॅक सही (गुप्त कीवरून काढलेली, मजकूर बदललेला नाही हे दाखवणारी) जुळत नसेल तर आधी फ्रेमवर्ककडे बघा. बॉडी पार्स करून पुन्हा जेसन (डेटा लिहायचा मजकूर-प्रकार) बनवली की एखादी स्पेस बदलते आणि सही चुकते. सही नेहमी मूळ बाइट्सवर तपासायची.

'रद्द' हा इव्हेंट 'तयार'च्या आधी पोहोचू शकतो, एखादा येतच नाही. रोज रात्री दोन्हीकडच्या नोंदी जुळवणारा जॉब लावा. मागच्या सिंकनंतर बदललेल्या नोंदी मागताना पाच मिनिटं मागूनच सुरुवात करा.

टोकन आणि डेटातल्या बारीक गोष्टी

जोडणी अधूनमधून, कारण न दिसता तुटत असेल तर दोन वर्कर एकाच वेळी टोकन रिफ्रेश करत (जुन्याऐवजी नवं घेत) नाहीत ना, ते बघा. रिफ्रेश टोकन (नवं टोकन मिळवण्यासाठीचं) एकदाच चालत असेल तर मागे पडलेल्याला एरर येणारच. रिफ्रेशला लॉक लावा.

आयडी कायम स्ट्रिंग ठेवा. ९००७१९९२५४७४०९९१च्या पुढचे पूर्णांक जावास्क्रिप्टचा साधा नंबर अचूक धरत नाही, आणि सुरुवातीचं शून्य तर कुठेही गळतं. रकमेला फ्लोट (दशांश अंदाजे साठवणारा प्रकार) नको. वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाण वेळेत) साठवा, नाहीतर मध्यरात्रीच्या आसपासच्या ऑर्डरी भलत्याच तारखेला पडतात.

प्रत्येक रिक्वेस्टचा आयडी, स्टेटस आणि लागलेला वेळ लॉग करा. टोकन मात्र लॉगमध्ये जाऊ देऊ नका. लाइव्ह करण्याआधी टेस्ट सर्व्हरवर रिक्वेस्ट पाठवून उत्तर येण्याआधी मुद्दाम कनेक्शन तोडा, रिट्राय होऊ द्या आणि पलीकडे किती इनव्हॉइस झाली ते मोजा.