दारू सोडताना आपल्याला जुळणारी मीटिंग कशी शोधावी

दारू सोडायचे ठरवलेल्या माणसाला डॉक्टरही आणि घरचेही ‘मीटिंगला जा’, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या गटात जाऊन बस, असे सांगतात. पण कोणत्या मीटिंगला जावे आणि तिथे नेमके काय होते, हे सहसा कोणी समजावून देत नाही. मग पहिली मीटिंग मनाला भिडली नाही, की ‘हे आपले काम नव्हे’ असे म्हणून तो घरी बसतो. खरे तर प्रत्येक गटाचे वळण वेगळे असते, त्यामुळे एका संध्याकाळवरून निर्णय घेणे घाईचे ठरते.

सर्वप्रथम डॉक्टरांना भेटावे. अनेक वर्षे रोज पिणाऱ्या माणसाने अचानक दारू बंद केल्यास हात थरथरणे, घाम, निद्रानाश यांपासून आकडी येणे आणि दोन-चार दिवसांत भ्रम होण्यापर्यंत त्रास वाढू शकतो, व तो जिवावरही बेतू शकतो. हे काम औषधांचे आहे. मीटिंग त्याची जागा घेऊ शकत नाही.

त्यानंतर शोध सुरू करावा. सर्वांत जास्त पसरलेली संघटना म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, अर्थात एए. अमेरिकेतील अ‍ॅक्रन या शहरात १९३५ साली एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद या दोन दारूड्यांच्या भेटीतून ती सुरू झाली. सदस्यत्वासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढी एकच अट आहे. फी नसते, खर्च सदस्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो. जवळच्या गटाचा पत्ता आणि वेळ एएच्या संकेतस्थळावर, सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात विचारता येते. पुण्याचे मुक्तांगण आणि मुंबईतून सुरू झालेले कृपा फाउंडेशन ही आपल्याकडची जुनी नावे. काहीच सुचत नसेल, तर व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६ किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवावा.

यादी हाती आली की मीटिंग ‘ओपन’ आहे की ‘क्लोज्ड’, हे आधी पाहावे. ओपन मीटिंगला पत्नी, भाऊ किंवा नुसता जिज्ञासू माणूसही बसू शकतो. क्लोज्ड मीटिंग फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी असते. एकट्याने जायला धीर होत नसेल, तर सुरुवात ओपनपासून करावी.

खरी निवड यापुढे आहे आणि तिथे तीन गोष्टींना मी सर्वाधिक महत्त्व देईन. पहिली वेळ: ज्या घटकेला पाय गुत्त्याकडे किंवा बारकडे वळत असत, नेमकी तीच वेळ मीटिंगने व्यापलेली असावी. दुसरी भाषा: कार्यालयात इंग्रजी सफाईने बोलणाऱ्यालाही बायकोवर हात उगारल्याची कबुली मराठीतच देता येते, म्हणून आपल्या बोलीचा गट मिळाल्यास तोच धरावा. तिसरी अंतर, आणि इथे पुष्कळांची फसगत होते. ओळखीचे कोणी भेटेल या भीतीने माणसे दोन गाड्या बदलून लांबच्या गटाला जातात आणि पहिल्याच पावसाळ्यात खाडा पडू लागतो. वस्तुतः तिथे भेटलेला ओळखीचा माणूसही त्याच कारणासाठी आलेला असतो. स्त्रियांची अडचण मात्र खरी आहे. लहान शहरांत पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकटीने बसणे अवघड जाते, म्हणून त्यांनी स्त्रियांच्या स्वतंत्र किंवा ऑनलाइन मीटिंगची चौकशी आवर्जून करावी.

पहिल्या दिवशी दहा मिनिटे आधी पोहोचावे. साधारण तास-दीड तासात एकेक जण आपला अनुभव सांगतो, ज्याला तिथे शेअरिंग म्हणतात. मध्ये कोणी टोकत नाही, सल्ला देत नाही. आपली पाळी आल्यावर नुसते नाव सांगून ‘आज ऐकतो’ म्हटले तरी चालते. आडनाव सांगण्याची गरज नाही. संपल्यावर लगेच निघू नये. गट कसा आहे हे मीटिंगपेक्षा नंतरच्या चहावर अधिक कळते: नव्या माणसाशी कोणी आपणहून बोलते का, फोन नंबर देते का?

निदान तीन गट पाहावेत आणि प्रत्येकाला एकाहून अधिक वेळा जावे. डॉक्टरांची औषधे बंद करा असे सांगणारा, पैशांचा व्यवहार सुचवणारा किंवा आत बोललेले बाहेर नेणारा माणूस भेटल्यास त्याच्यापासून दूर राहावे. गटात त्याला अटकाव होत नसेल, तर गटच बदलावा. ईश्वराच्या उल्लेखाने बिचकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की एएच्या बारा पायऱ्यांतला, म्हणजे दारूमुक्तीच्या बारा टप्प्यांतला, ईश्वर ‘आपापल्या समजुतीप्रमाणे’ असतो आणि अनेक नास्तिक ‘हा गटच माझी शक्ती’ असे मानून वर्षानुवर्षे येतात. तरीही पटत नसेल, तर विचार व वर्तन बदलण्याच्या तंत्रांवर आधारलेल्या स्मार्ट रिकव्हरीच्या ऑनलाइन मीटिंगा हा पर्याय आहे.

घरच्यांनी आपला गट वेगळा शोधावा. १९५१ साली सुरू झालेली अल-अ‍ॅनॉन त्यांच्यासाठीच आहे, तर मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो.

एक गट जुळला की तो आपला मानून तिथे नियमित जावे आणि काही आठवड्यांनी, बराच काळ दारूपासून दूर असलेल्या एखाद्या सदस्याला आपला स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा सोबती, होण्याची विनंती करावी. पुरुषाने पुरुषाला आणि स्त्रीने स्त्रीला, असा तिथला रूढ प्रघात आहे. मध्येच ‘स्लिप’ झाली, म्हणजे पुन्हा प्यायलो, तर ते लपवण्यासाठी गट बदलू नये. आधी स्पॉन्सरला फोन करावा, सलग अनेक दिवस पिणे झाले असेल तर पुन्हा डॉक्टरांकडे जावे, आणि पुढच्या मीटिंगला त्याच खोलीत जाऊन बसावे.