‘वुई ग्रोअर्स’ की ‘अस ग्रोअर्स’? इंग्रजी लिहिताना या चुका टाळा

द्राक्षांच्या निर्यातीचा हंगाम सुरू झाला, की निफाड आणि दिंडोरीकडचे माझे जुने विद्यार्थी आपली इंग्रजी पत्रे तपासायला पाठवतात. मागच्या हंगामात परदेशी खरेदीदाराला जायच्या एका मसुद्यात पुढील ओळ होती: ‘प्लीज इन्फॉर्म वुई ग्रोअर्स अबाउट द कंटेनर.’ लिहिणारा चांगला पदवीधर आहे आणि ‘इन्फॉर्म वुई’ असे त्याने झोपेतही लिहिले नसते, परंतु सर्वनामाला लागून ‘ग्रोअर्स’ हे नाम आले आणि त्याचा तोल गेला. सर्वनामापाठोपाठ नाम ठेवण्याच्या या रचनेत आपली मराठी निम्मी वाट बरोबर दाखवते आणि उरलेल्या वाटेवर चकवा देते, म्हणून दोन्हींची ओळख करून घेणे उपयोगाचे आहे.

आधी बरोबर वाटेविषयी. वरच्या ओळीतला ‘ग्रोअर्स’ हा शब्द बोटाने झाकून वाचला, तर ‘इन्फॉर्म अस’ हेच तोंडात येते, म्हणून ‘इन्फॉर्म अस ग्रोअर्स’ हे बरोबर. ही युक्ती इंग्रजीच्या बहुतेक शिक्षकांना ठाऊक असते. मराठी माणसाजवळ मात्र आणखी सोपी कसोटी आहे, कारण आपल्याकडे सर्वनामाचे रूप डोळ्यांदेखत बदलते. ‘आम्ही बागायतदार भेटलो’ आणि ‘आम्हां बागायतदारांना कळवा’ यांत ‘आम्ही’ राहिले तिथे ‘वुई’ आणि ‘आम्हां’ झाले तिथे ‘अस’. यात एक पथ्य पाळावे: नामाच्या प्रत्ययाकडे पाहू नये. ‘आम्ही बागायतदारांनी ठरवले’ या वाक्यात ‘बागायतदारांनी’ला प्रत्यय लागला आहे, म्हणून काही जण ‘अस ग्रोअर्स हॅव डिसायडेड’ लिहितात, पण सर्वनाम ‘आम्ही’च असल्यामुळे तिथे ‘वुई’ हवे.

उलट दिशेची चूक जास्त शिकलेल्यांकडून होते. ‘फॉर वुई टीचर्स’ हे कानाला भारदस्त वाटते, आणि जन्मापासून इंग्रजी बोलणारेही अशी गफलत करतात, पण ‘फॉर’नंतर ‘अस’च येते. इंग्रजी मालिकांमध्ये ‘अस किड्स’ हा शब्दप्रयोग वाक्याच्या कर्त्याच्या जागीही ऐकू येतो. ती घरगुती बोली आहे, अर्जात ती आणू नये.

ही कसोटी काही ठिकाणी मात्र अपुरी पडते. ‘आम्हां बागायतदारांना पाणी हवे’ यात ‘आम्हां’ असले, तरी इंग्रजीत तो कर्ता होतो, म्हणून ‘वुई ग्रोअर्स नीड वॉटर’ लिहावे. ‘आम्हां शिक्षकांच्या मागण्या’ याचे ‘अवर टीचर्स डिमांड्स’ असे भाषांतर मी निवेदनांमध्ये अनेकदा पाहिले आहे, आणि त्याचा अर्थ होतो आम्हांला शिकवणाऱ्यांच्या मागण्या. म्हणजे निवेदन शिक्षकांचे आणि सही विद्यार्थ्यांची, असा प्रकार. ‘द डिमांड्स ऑफ अस टीचर्स’ हे व्याकरणाने शुद्ध असले तरी अवघडलेले वाटते. ‘अ‍ॅज टीचर्स, वुई डिमांड’ अशी वाक्याची बांधणीच बदलणे बरे.

आता चकव्यांकडे वळू. मराठीतले ‘ते’ दोन कामे करते: ‘ते आले’ यात ते सर्वनाम आहे आणि ‘ते लोक आले’ यात दर्शक विशेषण. इंग्रजीने ही कामे दोन शब्दांत वाटली आहेत, आणि तेवढ्यासाठीच सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून येणाऱ्या मेलमध्ये ‘दे पीपल’ सर्रास सापडते. तिथे ‘दोज पीपल’ लिहावे. मग ‘वुई पीपल’ चालते आणि ‘दे पीपल’ का नाही, असा प्रश्न वर्गात हमखास येतो. पॉल पोस्टल या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये असे मांडले, की इंग्रजी सर्वनामे ही मुळात ‘द’सारख्या निर्धारक शब्दांच्या जातीची आहेत. हा विचार मला पटतो, कारण त्यातून उत्तर सोपे होते: नामापुढच्या त्या खुर्चीवर ‘वुई’ आणि ‘यू’ बसू शकतात, ‘दे’ची खुर्ची मात्र ‘दोज’ने अडवलेली आहे. काही इंग्रजी बोलींत ‘देम पीपल’ म्हणतात, पण प्रमाण लेखनात ते चालत नाही.

दुसरा चकवा क्रियापदाचा. ‘आम्ही पिंपळगावचे शेतकरी’ हे मराठीत पूर्ण वाक्यही होते आणि वाक्याचा तुकडाही. इंग्रजीत ‘वुई फार्मर्स फ्रॉम पिंपळगाव’ हा तुकडाच राहतो. वाक्य हवे असेल तर ‘वुई आर’ म्हणावे लागते. मुलाखतींमध्ये ऐकू येणारे ‘मायसेल्फ सुनीता’ हे याच दुखण्याचे भावंड आहे: मराठीत ‘मी सुनीता’ एवढे पुरते, म्हणून ‘आय अ‍ॅम’ गळते आणि त्याच्या जागी भारदस्त ‘मायसेल्फ’ येऊन बसते. ‘आय अ‍ॅम सुनीता’ म्हणावे, एवढेच. ‘आम्ही सगळे शिक्षक’ याचे ‘वुई ऑल टीचर्स’ होत नाही, ‘ऑल ऑफ अस टीचर्स’ होते. ‘वुई थ्री ब्रदर्स’ मात्र बरोबर आहे.

एकवचनात ही रचना जवळजवळ बंदच आहे. ‘आय टीचर’ म्हणता येत नाही, आणि ‘यू फूल’ हे चालते ते कोणाला हाक मारताना किंवा शिवी देताना. एका व्यक्तीची ओळख सर्वनामाला जोडायची असेल, तर स्वल्पविरामांची जोडी लागते, आणि ती लागते प्रामुख्याने प्रतिज्ञापत्रात: ‘आय, द अंडरसाइन्ड, हॅव रिसीव्ह्ड...’ इथे दोन चुका ठरलेल्या. पहिला स्वल्पविराम टाकतात आणि दुसरा विसरतात, ही एक. दुसरी म्हणजे मधला मजकूर लांबला की क्रियापद ‘हॅज’ किंवा ‘इज’ होते. याचे कारण पुन्हा मराठीत आहे: ‘मी आहे, तो आहे’, ‘मी देतो, तो देतो’ यांत क्रियापद एकच असल्यामुळे हा फरक आपल्या कानाला खटकत नाही. मधे नाव, वय, धंदा, राहणार तालुका निफाड असे कितीही आले, तरी क्रियापद ‘आय’चेच लागते.

अनेकवचनात स्वल्पविराम कधी द्यावा, हे पाहायला पाठ्यपुस्तकाची सुरुवातीची पाने पुरेत. तिथल्या उद्देशिकेत ‘आम्ही, भारताचे लोक,’ असे छापलेले असते आणि संविधानाच्या इंग्रजी पाठातही ‘वुई, द पीपल ऑफ इंडिया,’ असे दोन स्वल्पविराम आहेत. अमेरिकेच्या १७८७ च्या संविधानात मात्र ‘वुई द पीपल’ सलग आहे. दोन्ही रीती मान्य आहेत. चूक होते ती रोजच्या पत्रात त्यांचे अनुकरण करून ‘वुई द टीचर्स’ लिहिण्याची. साध्या पत्रात ‘वुई टीचर्स’ स्वल्पविरामाशिवाय आणि ‘द’शिवाय लिहावे.

त्या मसुद्याची पहिली ओळ सांगायची राहिली: ‘यू पीपल हॅव नॉट कन्फर्म्ड द डेट.’ व्याकरणात इथे काहीही चुकलेले नाही, तरी मी आधी हीच ओळ खोडली. ‘तुम्ही लोक वेळेवर कळवत नाही’ या मराठी वाक्यात जो सूर आहे, तोच इंग्रजी ‘यू पीपल’मध्ये आहे, किंबहुना थोडा जास्त बोचरा आहे, कारण त्यात समोरच्याला एका वेगळ्या जमातीत ढकलल्याचा भास होतो. ‘वुई हॅव नॉट येट रिसीव्ह्ड युअर कन्फर्मेशन’ असे मी सुचवले. त्यावर त्याने फोन करून विचारले, “सर, मग ‘यू गाईज’ चालेल का?” मित्राला चालेल, मी म्हणालो, पण ज्याने अजून मालाचे पैसे दिलेले नाहीत त्याला नुसते ‘यू’ लिही.