लांब मेन्यूकार्ड, एकच ग्रेव्ही: नागपुरात आणि प्रवासात चांगलं एशियन जेवण कसं शोधावं

एकाच कार्डावर सुशी, रामेन, थाई करी, मोमो, ट्रिपल शेजवान आणि शेवटच्या पानावर पनीर बटर मसाला दिसला, तर ते स्वयंपाकघर चार-पाच देशांचं जेवण रांधत नाही. दोन-तीन सॉसच्या बाटल्या आणि सकाळी करून ठेवलेली एक ग्रेव्ही यांवरच सगळं भागवलं जातं. म्हणून हॉटेल शोधण्याआधी कार्ड वाचायला शिकावं. ते फोनवरही वाचता येतं, त्यासाठी धरमपेठेत गाडी लावायला जागा हुडकत फिरावं लागत नाही.

कार्डावर दीडशे नावं असली तरी घाबरू नका, आधी त्यांचा गुणाकार ओळखा. चिली, मंचुरियन, शेजवान, हाँगकाँग, सिंगापूर असे पाच सॉस आणि पनीर, मशरूम, बेबीकॉर्न, चिकन, प्रॉन्स असे पाच जिन्नस. झाल्या पंचवीस डिश. देशी चायनीजमध्ये हे चालतं, कारण तो प्रकारच तसा आहे. चिकन मंचुरियन हा मुंबईत १९७५ च्या सुमारास नेल्सन वांग यांनी बनवलेला पदार्थ, मंचुरियाशी त्याचा नावापुरता संबंध. त्याला 'ऑथेंटिक' आहे का विचारणं व्यर्थ, नीट केलाय का एवढंच बघायचं. पण हाच गुणाकार थाई किंवा जपानी पानावर दिसला (रेड करी, ग्रीन करी, यलो करी, प्रत्येकी पाच जिन्नस आणि वर 'थाई शेजवान'), तर ते पान ओलांडून पुढे जा.

मॅपवर शोधताना 'एशियन रेस्टॉरंट' टाकू नका. पदार्थाचं नाव टाका: थुक्पा (तिबेटी नूडल सूप), खाओ सुए (ब्रह्मदेशातल्या रस्सा-नूडल्स), तोम यम (थाई आंबट-तिखट सूप), किमची (कोरियन आंबवलेला कोबी). मग लोकांनी टाकलेल्या फोटोंतले अलीकडचे, गेल्या दोन-तीन महिन्यांतले फोटो बघा. हॉटेलने स्वतः टाकलेले फोटो सोडून द्या. पाच ताऱ्यांची मतं वाचण्यात वेळ घालवू नका, त्यांत 'अँबियन्स' आणि वेटरचं नाव असतं. तीन ताऱ्यांची वाचा. 'नूडल्स छान पण सूप पांचट' असं नेमकं वाक्य तिथेच सापडतं.

डिलिव्हरी ॲपवर आणखी एक सापळा असतो. 'टोकियो' काहीतरी, 'बँकॉक' काहीतरी आणि 'मोमो' काहीतरी अशी तीन दुकानं दिसतात, पण स्वयंपाकघर एकच असतं. हॉटेलच्या पानाच्या तळाशी १४ आकडी एफएसएसएआय क्रमांक (अन्न परवान्याचा नंबर) असतो, तो आणि पत्ता ताडून बघा. दोन्ही सारखेच निघाले तर तीनही नावांमागे एकच कढई आहे.

ठेल्यावर काय बघायचं

ठेल्याला कमी लेखू नये. पूर्ण पेटलेली भट्टी, पातळ लोखंडी कढई आणि एकच काम रोज करणारा हात, या तीन गोष्टी एसी हॉटेलात पैसे मोजूनही मिळतीलच असं नाही. फ्राइड राइसला जो धुरकट वास हवा असतो, तो कढई नीट तापलेली असली तरच येतो. एका वेळी दोन प्लेट टाकल्या तर ताप टिकतो. कारागिराने आठ प्लेटांचा भात एकदम ओतला की कढई थंड पडते, कोबीला पाणी सुटतं आणि भात परतला न जाता वाफवला जातो. गर्दीच्या ठेल्यावर चव कधी कधी बिघडते ती यामुळेच. साडेसात-आठला जा, दहाला नको.

लवकर जाण्याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. फ्राइड राइसला आधी शिजवून गार केलेला, मोकळा भात लागतो. तो भात उन्हाळ्यात तासन्‌तास उघड्यावर राहिला तर त्यात बॅसिलस सेरियस नावाचे जिवाणू वाढतात. त्यांच्यामुळे उलट्या होतात आणि त्यांचं विष पुन्हा परतूनही मरत नाही. नवतपाच्या दिवसांत नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो, तेव्हा भाताचं पातेलं कुठे ठेवलंय हे बघणं म्हणजे नखरे नव्हेत. भात चिकट, बुळबुळीत किंवा किंचित आंबूस वाटला तर पैसे गेले समजून उठा.

रंगाचंही बघा. सोया सॉसने मंचुरियन तपकिरी होतं. भडक केशरी-लाल दिसलं आणि बोटावर रंग उतरला, तर तो मिरचीचा नव्हे, पुडीतला. कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर बंदी आणली, ती अशाच रंगांपायी.

एक साधा पदार्थ मागवा

नव्या जागी पहिल्या खेपेला 'शेफ स्पेशल' मागवू नका. जिथे लपवायला जागा नाही असा पदार्थ मागवा.

देशी चायनीजमध्ये साधा एग फ्राइड राइस किंवा व्हेज फ्राइड राइस, शेजवान नव्हे. दाणा सुटा, पांढरटच, तळाशी तेल साचलेलं नाही, कोबी-गाजर अजून करकरीत, म्हणजे पास. ग्रेव्ही तपासायची तर चमच्याने उचलून बघा. कॉर्नफ्लॉवर जास्त झालं की ती जेलीसारखी थरथरते. उष्टा चमचा त्याच वाटीत फिरत राहिला तर थोड्या वेळाने ती पाणी सुटल्यासारखी होते, तो लाळेने स्टार्च फुटल्याचा परिणाम. आचाऱ्याचा दोष नाही.

मोमोत पारी बघा. कडेला चुण्या थोड्या कमी-जास्त आणि पारी इतकी पातळ की आतलं सारण अंधूक दिसतं, तर ते हाताने केलेले. सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे, चावायला रबरी आणि आत कोरडे, तर पाकिटातले गोठवलेले. ताजे मोमो वाफवायला दहा-बारा मिनिटं लागतात. ऑर्डर देऊन दोन मिनिटांत प्लेट समोर आली, तर ते स्टीमरमध्ये केव्हाचे बसलेले होते. आणि जिथे चटणीपेक्षा मेयोनीजची वाटी मोठी असते, तिथे सारणाविषयी फार आशा ठेवू नका.

थाई करीच्या बाबतीत नागपूरकराला एक सोय आहे, त्याला तर्री कळते. नारळाचं दाट दूध आधी आटवून त्याला तेल सुटू देतात, त्या तेलात करीची पेस्ट परततात, मग उरलेलं दूध घालतात. म्हणून चांगल्या ग्रीन करीवर हिरवट तेलाचे बारीक डोळे तरंगतात. सपाट, गुळगुळीत, पांढरट-हिरवा रस्सा आला की समजावं, डब्यातलं दूध आणि पेस्ट नुसती उकळली. (डब्यातल्या दुधात ते फुटू नये म्हणून घटक घातलेले असतात, त्यामुळे आचाऱ्याची इच्छा असली तरी तेल सहजी सुटत नाही.) ताज्या पेस्टमध्ये सांबाराची (कोथिंबिरीची) मुळं वाटलेली असतात, आपण जुडी आणली की पहिल्यांदा कापून फेकतो तीच. तोम यममध्ये गवती चहाचे तुकडे, गलांगलच्या (आल्यासारख्या मुळाच्या) चकत्या आणि लिंबाची पानं दिसली पाहिजेत. ती खायची नसतात, कडेला काढायची. वाटीत कडेला काढण्यासारखं काहीच नसेल, तर सूप पुडीतून आलंय.

रामेनची परीक्षा घड्याळ घेतं. वाटी आल्यावर पाच मिनिटांनीही नूडल दाताखाली ताठ लागली पाहिजे. अस्सल रामेनच्या पिठात अल्कली असते, त्यातून तो चिवटपणा आणि पिवळसर झाक येते. हक्का नूडल्सवर रस्सा ओतलेला असेल तर पाचव्या मिनिटाला लगदा होतो. खाओ सुएमध्ये रस्सा बेसनाने किंचित दाटलेला हवा आणि सोबत तळलेला कांदा, लसूण, अंडं, लिंबू, मिरचीचा चुरा अशा वाट्या यायला हव्यात. सगळं आधीच कालवून दिलं तर त्यातली अर्धी मजा गेली.

'शेजवान'विषयी एक प्रश्न जरूर विचारा. कार्डावर शेजवानपेक्षा वेगळं 'सिचुआन' लिहिलं असेल, तर त्यात सिचुआन मिरी आहे का? ती मिरी आपल्या कोकणातल्या तिरफळाची बहीण, जिभेला झिणझिण्या आणते. लाल मिरची-लसणाची शेजवान चटणी हा देशी प्रकार, तिच्यात ती बहुधा नसतेच. जाणकार स्वयंपाकघरातून याचं उत्तर लगेच येतं. 'सर, स्पायसी असते' असं ऐकलं की फ्राइड राइसवर थांबा.

सुशी आणि नागपूर

समुद्र शेकडो किलोमीटर लांब, म्हणून कच्चा मासा वाईटच असं नाही. उलट कच्चा खायचा मासा आधी गोठवलेलाच असावा लागतो: परजीवी मारायला उणे २० अंश सेल्सिअसला सात दिवस किंवा उणे ३५ अंशांना १५ तास. बिघडतं ते नंतर, वाटेत आणि वितळवताना. मासा कोणत्या वारी येतो आणि दिवसाला किती सुशी खपते, हे विचारा. खप नसलेल्या ठिकाणी काकडी, ॲव्होकाडो, शिजवलेली कोळंबी यांवरच राहावं. तशीही सुशीची खरी परीक्षा भातात आहे: अंगाच्या उबेइतका कोमट, व्हिनेगरची पुसट आंबट-गोड चव. फ्रिजमधला गारढोण, कडक भात आला तर वरचा मासा कितीही महाग असला तरी उपयोग नाही. हिरवी वासाबी बहुतेक ठिकाणी रंगवलेलं हॉर्सरॅडिश असते, ते मनावर घेऊ नका.

दीक्षाभूमीला आणि कामठीच्या ड्रॅगन पॅलेस या बौद्ध विहाराला जपान, थायलंडहून पाहुणे येतात, मग इथे तसं जेवण का नाही, असं वाटू शकतं. पाहुणा दोन दिवसांत परततो. खाणावळ उभी राहते ती वस्तीच्या जोरावर. विदर्भात तशी वस्ती आहे ती तिबेटी लोकांची, गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळची नोरग्येलिंग, १९७२ पासूनची. म्हणून थुक्पा-मोमोची चौकशी करायची तर हिवाळ्यात शहरात स्वेटर विकायला बसणाऱ्या तिबेटी मंडळींना विचारा. ते स्वतः कुठे जेवतात, हे कोणत्याही ॲपपेक्षा खात्रीचं.

गाडीत बसल्यावर

प्रवासातही प्रश्न तोच: इथे कोण राहतं आणि ते कुठे खातं? नागपूर हावडा–मुंबई आणि दिल्ली–चेन्नई या दोन रेल्वेमार्गांच्या छेदावर आहे, त्यामुळे देशातल्या जुन्या एशियन वस्त्या थेट गाडीने गाठता येतात.

कोलकात्यात रविवारी सकाळी पोद्दार कोर्टाजवळच्या टिरेटा बाजारात चिनी नाश्ता मिळतो. साडेसहा-सातपर्यंत पोचा, साडेआठनंतर भांडी आवरायला लागतात. त्यासाठी शनिवारी रात्रीच शहरात असलेलं बरं. टांगरा ही हाक्का चिनी चर्मोद्योजकांची जुनी वस्ती, दुपारी किंवा रात्री जायची. तिथल्या प्लेटा मोठ्या असतात. चौघांत तीन डिश पुरतात, पाच मागवून मग पार्सल बांधत बसू नका.

दिल्लीत मजनू का टिला ही तिबेटी वस्ती, जवळचं मेट्रो स्टेशन विधानसभा. लाफिंग (गार, तिखट नूडल्स), तिंगमो (वाफवलेला पाव), थुक्पा तिथे खा, मंचुरियन नको. सफदरजंगजवळच्या हुमायूंपुरात नागा आणि मणिपुरी खाणावळी आहेत. आखुनी म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, वास उग्र, पहिल्यांदा थोडंच मागवा. चेन्नईत बीच स्टेशनसमोर, बर्मा बाजाराच्या परिसरात, ब्रह्मदेशातून परतलेल्या तमिळ कुटुंबांनी रुजवलेला 'अथो' संध्याकाळी मिळतो: हाताने कालवलेल्या नूडल्स, तळलेला कांदा, कोबी आणि सोबत केळीच्या खांबाचं सूप. त्याच शहरात कोरियन जेवणही चांगलं मिळतं, कारण श्रीपेरुंबुदूरकडे ह्युंदाईचा कारखाना आहे आणि तिथल्या कोरियन लोकांना रोजचं जेवण हवं असतं. कोणत्याही शहरात परदेशी कारखाना कुठे आहे ते बघा, त्याच्या आसपास त्या देशाचं जेवण सापडतं.

देशाबाहेर सिंगापूरच्या हॉकर सेंटरमध्ये एका गाळ्यावर एक-दोनच पदार्थ असतात; स्थानिकांची रांग असेल तिथे उभं राहा, चांगला माल दुपारीच संपतो. जपानमध्ये ताबेलॉग या साइटवर लोक हात आखडता घेऊन गुण देतात, तिथे ३.५ म्हणजे उत्तम. आपल्या सवयीने ४.५ शोधाल तर उपाशी राहाल.

शाकाहारी असाल तर

'व्हेज आहे ना?' हा प्रश्न पुरत नाही, त्याला सगळीकडे 'हो' मिळतं. जिन्नस विचारा. थाई पेस्टमध्ये बहुधा आंबवलेली कोळंबी असते, किमचीत फिश सॉस, जपानी रश्शात बोनिटो मासा, 'व्हेज' परतण्यात ऑयस्टर (कालवांचा) सॉस. भारतात असाल तर बाटली दाखवायला सांगा: हिरवा ठिपका आहे की तपकिरी त्रिकोण, भांडण तिथेच मिटतं. थायलंडमध्ये पिवळ्या झेंड्यावर लाल थाई अक्षर दिसलं की ते 'जे' जेवण: मांस, मासे, अंडी, दूध नाहीच, कांदा-लसूणही नाही. कांदा-लसूण टाळणाऱ्यांना याहून सोपी खूण मिळायची नाही. व्हिएतनाममध्ये शब्द आहे 'चाय', पण तो चहा नव्हे, शाकाहार. तिथले बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी शाकाहार पाळतात, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास असे गाळे जास्त दिसतील. प्रवासाची तारीख आपल्या हातात असेल तर निघण्याआधी कालनिर्णय बघून घ्या.

पार्सलचं एकच. रस्सा आणि नूडल्स वेगवेगळ्या डब्यांत मागा, तळलेल्या पदार्थाच्या डब्याचं झाकण थोडं उघडं ठेवायला सांगा. आणि मोमो पंधरा मिनिटांपेक्षा लांब न्यायचे असतील तर ते तिथेच उभ्याने खाऊन घ्या.