ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, जग्वार मासे पाळताय? मग या चुका टाळा

कुर्ल्याला नाहीतर क्रॉफर्ड मार्केटला गेलं की दोन-दोन इंचाचे ऑस्कर दिसतात, डोळे फिरवून आपल्याकडेच बघतात, काचेला बोट लावलं की पळत येतात, कुणालाही घ्यावेसे वाटतील. दुकानदारही म्हणतो, दोन फुटी टँकमध्ये आरामात राहतील, चार घेऊन जा. सगळा घोळ तिथून सुरू होतो. या मोठ्या सिक्लिडचे (ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, जग्वार हे सगळे याच कुळातले) बहुतेक प्रॉब्लेम मासा वाईट निघाला म्हणून होत नाहीत, टँक पिल्लाच्या मापाने घेतला म्हणून होतात. "माझा ऑस्कर अचानक सगळ्यांना मारायला लागला" असं लोक विचारतात, पण अचानक काही झालेलं नसतं, तो वयात आलेला असतो, त्याला स्वतःची हद्द हवी असते आणि टँकमध्ये तेवढी जागाच नसते.

आधी साइज डोक्यात पक्की करा. ऑस्करला नीट खायला मिळालं तर पहिल्या वर्षी तो महिन्याला साधारण इंचभर वाढतो, पूर्ण वाढला की १२ इंच, कधीकधी १४, आणि नीट ठेवला तर १० वर्षं सहज जगतो. फ्लॉवरहॉर्न १० ते १२ इंच. जग्वार मूळचा मध्य अमेरिकेतला, निकाराग्वातल्या मानाग्वा तलावावरून त्याचं शास्त्रीय नाव पडलंय, त्याचा नर १४ इंचाच्याही पुढे जातो. आता हिशोब करा, २ x १ x १ फुटाच्या टँकमध्ये जेमतेम ५७ लिटर पाणी बसतं, त्यात फूटभर मासा धड वळूही शकत नाही. "टँक लहान असला की मासाही लहानच राहतो" हे कुणी सांगितलं तर ऐकू नका, तो खुरटतो, पाणी सतत घाण राहिल्याने आजारी पडतो आणि लवकर जातो.

एका ऑस्करला किंवा एका फ्लॉवरहॉर्नला कमीत कमी ४ x १.५ x १.५ फूट, जमत असेल तर ४ x २ x २ म्हणजे साडेचारशे लिटर. जग्वार किंवा सोबत दुसरे मोठे मासे ठेवायचे असतील तर ६ फुटांच्या खाली विचारच करू नका. आणि उंच शोपीस टँक घेऊ नका, या माशांना उंची नको, लांबी-रुंदी हवी. ४ x २ x २ ला काच १० एमएमपेक्षा कमी नको, १२ मिळाली तर उत्तम. स्टँड, काच, दगड धरून वजन ५५०-६०० किलोच्या घरात जातं, त्यामुळे जुन्या बिल्डिंगमध्ये खोलीच्या मधोमध ठेवण्यापेक्षा बीमवर किंवा भिंतीलगत ठेवा, खाली थर्माकोल टाका आणि पाणी भरायच्या आधी लेव्हल बघा, भरल्यावर काही हलवता येत नाही.

यानंतर सगळ्यात जास्त मासे कशाने मरतात तर नवीन टँकच्या पाण्याने. आज टँक आणला, आज पाणी भरलं, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवणारं अँटी-क्लोरीन टाकलं आणि संध्याकाळी मासे सोडले. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं पण त्यात माशांच्या विष्ठेतून अमोनिया साठायला लागतो, त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे बॅक्टेरिया फिल्टरमध्ये तयार व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात, आणि तोपर्यंत मासा विषात पोहतोय. पीएच जितका जास्त तितका अमोनिया जास्त घातक, आणि आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी बोअरचं पाणी जड आणि जास्त पीएचचं असतं, त्यामुळे बोअरवाल्यांनी तर इथे अजिबात घाई करू नये. सोपा उपाय म्हणजे ओळखीतल्या कुणाच्या चालू, निरोगी टँकमधला थोडा जुना स्पंज किंवा सिरॅमिक रिंग आणून आपल्या फिल्टरमध्ये टाका, खूप वेळ वाचतो. लिक्विड टेस्ट किट घ्या, महाग वाटतं पण एका चांगल्या फ्लॉवरहॉर्नपेक्षा स्वस्तच पडतं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट ४० पीपीएमच्या आत, हे तीन आकडे जमले की मासा आणा.

फिल्टर धुताना पण तीच गोष्ट, स्पंज नळाखाली धरून चकाचक करू नका, क्लोरीनने बॅक्टेरिया मरतात आणि दोन दिवसांनी पाणी दुधाळ होतं. टँकमधून काढलेल्या पाण्यातच हलका पिळून घ्या. छोटा इंटर्नल फिल्टर या माशांना पुरत नाही, हे भरपूर खातात आणि तेवढीच घाण करतात, तासाला टँकच्या निदान पाच-सहा पट पाणी फिरवणारा कॅनिस्टर (टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर), सम्प (टँकखाली ठेवायचा फिल्टरचा वेगळा टँक) किंवा टँकच्या वर बसणारा मोठा टॉप फिल्टर लागतो. शिवाय दर आठवड्याला ३० ते ५० टक्के पाणी बदलायचं, फिल्टर कितीही भारी असला तरी. जिथे लाइट तासन् तास जाते तिथे बॅटरीवर चालणारा एअर पंप ठेवाच, आणि कॅनिस्टर पाच-सहा तास बंद राहिला असेल तर आतलं सडकं पाणी फेकून मगच चालू करा, नाहीतर ते सगळं टँकमध्ये येतं.

आता मारामारी. लोक इथेच सगळ्यात जास्त चुकतात.

फ्लॉवरहॉर्न एकटाच ठेवायचा, पूर्णविराम. नव्वदच्या दशकात मलेशियात मध्य अमेरिकन सिक्लिडचे संकर करून हा मासा तयार झाला, आणि आईबापांचा सगळा तापटपणा याच्यात उतरलाय. सोबत पॅरट मासा ठेवू नका, पॅरटला तोंड नीट मिटता येत नाही, तो चावू शकत नाही, नुसता मार खातो. सकर मासा "साफसफाईला" टाकतात, त्याचे डोळे फोडलेले बरेच टँक पाहिलेत, आणि उलटही होतं, रात्री सकर मोठ्या माशाच्या अंगावर चिकटून कातडी सोलतो. वास्तूसाठी फ्लॉवरहॉर्न आणणाऱ्यांनाही एवढंच सांगणं, आणा, पण त्याला चार फूट द्या.

ऑस्करचं थोडं वेगळं. दोनच ऑस्कर हा सगळ्यात वाईट आकडा, जोडी जमली नाही तर कमजोराला पळायला जागा नसते आणि राग वाटला जायला तिसरा कुणी नसतो. बाहेरून नर-मादी ओळखता येत नाही, त्यामुळे दुकानदाराच्या "पेअर आहे" या शब्दावर जाऊ नका. जोडीच हवी असेल तर सहा पिल्लं मोठ्या टँकमध्ये वाढवा, जोडी आपोआप जमू द्या आणि बाकीच्यांची सोय आधीच करून ठेवा. सोबतीला चपळ, तोंडात न मावणारे आणि हद्दीसाठी न भांडणारे मासे चालतात, म्हणजे मोठ्या टँकमध्ये सिल्व्हर डॉलरचा थवा, टिनफॉइल बार्ब वगैरे. निऑन, गप्पी, छोटे एंजल म्हणजे खाणं झालं. मलावीचे आफ्रिकन सिक्लिडही यांच्यात मिसळू नका, त्यातले बरेच शेवाळ खाणारे आहेत, जास्त प्रोटीनच्या खाण्याने त्यांचं पोट फुगतं.

नवीन मासा सोडायचा असेल तर आधी सगळे दगड-लाकडं हलवून मांडणी बदला म्हणजे जुन्याची हद्द मोडते, जुन्याला पोटभर खाऊ घाला, लाइट बंद करा आणि मग सोडा. पुढचे दोन दिवस लक्ष ठेवा. एखादा मासा वरच्या कोपऱ्यात किंवा हीटरच्या मागे तिरका उभा असेल, शेपटी फाटलेली असेल, खायला येत नसेल तर "होतील सेट" म्हणून थांबू नका, त्याच दिवशी जाळीचा डिव्हायडर टाका किंवा वेगळा काढा. रात्रीत मेलेला सापडतो.

मांडणी साधी ठेवा. हे मासे वाळू उकरतात, त्यामुळे दगड वाळूवर न ठेवता थेट तळाच्या काचेवर बसवा, नाहीतर खालून पोकळ झाला की घसरून काच जाते. झाडं टिकणार नाहीत. काचेचा हीटर हे शेपटीने फोडतात, गार्ड लावा किंवा सम्पमध्ये टाका. पुणे, नाशिक, नागपूरच्या थंडीत हीटर लागतोच, ऑस्करला २६ आणि फ्लॉवरहॉर्नला २८ डिग्रीच्या आसपास. झाकणावर वजन ठेवा, ऑस्कर उडी मारतो.

खाण्यात रोज जिवंत गोल्डफिश टाकणं बंद करा. बघायला मजा वाटते पण त्यातून परजीवी येतात, आणि गोल्डफिशमध्ये थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं जे बी१ व्हिटॅमिन तोडतं. चिकनची चरबीही या माशांना पचत नाही. चांगले पेलेट्स (माशांच्या तयार खाण्याचे दाणे) रोज, अधूनमधून कोळंबी, बस.

डोक्यावर छोटे खड्डे पडायला लागले, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा दिसली किंवा मासा खाणं सोडून काळा पडून तळाशी बसला, तर दुकानात जाऊन निळं औषध आणून ओतण्याआधी नायट्रेट तपासा आणि पाणी बदला. ते निळं औषध म्हणजे मिथिलिन ब्ल्यू, ते मेन टँकमध्ये टाकलं तर फिल्टरचे बॅक्टेरियाही मरतात, मग दुप्पट त्रास. पांढऱ्या विष्ठेवर मेट्रोनिडाझोल हे औषध चालतं पण ते खाण्यातून द्यावं लागतं, म्हणून मासा खातोय तोवरच सुरू करा, वेगळ्या टँकमध्ये, आणि डोस जाणकाराला विचारून.

आणि झेपत नसेल, घर बदलायचं असेल, तर मासा नदीत, तळ्यात, विहिरीत सोडू नका. उजनी धरणात आधीच सकर मासे मच्छीमारांच्या जाळ्यात अडकून जाळी फाडतायत, आणि तिथली चिलापी, तीही सिक्लिडच, बाहेरून आलेली. दुकानात परत द्या, पैसे मिळाले नाहीत तरी चालेल, किंवा मोठा टँक असलेल्या कुणाला द्या, आणि देताना आपल्या फिल्टरमधला थोडा जुना मीडियाही (स्पंज किंवा रिंग) पिशवीत घालून द्या, नवीन घरी त्याचा पहिला महिना सोपा जाईल.